नकाशाच्या कोडमध्ये परिमिती कशी मोजायची: लोणारचं एक वर्तुळ आणि सहा उत्तरं

लोणारच्या विवराचा मध्य साधारण १९.९७६ उत्तर अक्षांश आणि ७६.५०८ पूर्व रेखांशावर येतो. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. त्या मध्याभोवती ९०० मीटर त्रिज्येचं, ६४ बिंदूंचं वर्तुळ कोडने काढा आणि त्याची परिमिती वेगवेगळ्या पद्धतींनी मोजा. उत्तरं येतात ती अशी: ०.०५२५, ५.८३, ६.०२, ५.६५३, ५.६४४ आणि ४.०५. पहिलं सोडलं तर सगळी किलोमीटरमध्ये. शाळेतलं परिघाचं सूत्र म्हणतं ५.६५५.

यातल्या एकाही वेळी प्रोग्राम बंद पडत नाही. फार तर एखादी सूचना झळकून जाते, आणि ती वाचतो कोण? म्हणूनच परिमिती हे प्रकरण क्षेत्रफळापेक्षा जास्त फसवं आहे. क्षेत्रफळ चुकलं की आकडा बहुधा इतका विचित्र येतो की लगेच शंका येते. परिमिती चुकली तरी आकडा शहाण्यासारखा दिसतो.

पायथन किंवा जावास्क्रिप्ट थोडंफार येतं, पण नकाशाच्या कामात पहिल्यांदाच उतरताय, अशांसाठी हा लेख आहे. शेताच्या कुंपणाला तार किती लागेल, प्रभागाची हद्द किती लांब, तळ्याच्या काठाने पायवाट केली तर किती मीटर, असे प्रश्न डोळ्यांसमोर ठेवले आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

काय काय जवळ हवं

- पायथन, आणि त्यात तीन लायब्रऱ्या: आकारांची भूमिती करणारी शेपली (आवृत्ती २ किंवा पुढची), पृथ्वीवरची अंतरं मोजणारी पायप्रोज आणि नकाशाच्या फाइली तक्त्यासारख्या हाताळणारी जिओपांडाज.
- काम ब्राउझरमध्ये असेल तर मोजमापासाठी टर्फ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी. नकाशा दाखवायला लीफलेट.
- माहिती डेटाबेसमध्ये असेल तर पोस्टग्रेसवर पोस्टजीआयएस, म्हणजे नकाशाच्या कामाची जोड.
- क्यूजीआयएस, हा नकाशे बघायचा आणि तपासायचा प्रोग्राम. मोफत आहे. कोड कितीही छान लिहिलात तरी आकार डोळ्यांनी बघायला हे लागतंच.
- आकाराची फाइल: जिओजेसन किंवा शेपफाइल. शेपफाइल असेल तर तिच्यासोबतची पीआरजे फाइल आहे ना ते बघा. ती नसेल तर आकडे कुठल्या संदर्भप्रणालीतले (म्हणजे आकड्यांवरून पृथ्वीवरची जागा ठरवायच्या कुठल्या पद्धतीतले) आहेत हे कळायला मार्ग नसतो. फाइल देणाऱ्याला विचारा, अंदाज बांधू नका.

१. आधी प्रश्न ठरवा

कोडला हात लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मोजायचं काय: फक्त बाहेरची कड, की आतल्या भोकांच्या कडाही? मोजायचं कशावर: सपाट नकाशावर, गोलावर, की पृथ्वीच्या चपट्या लंबगोलावर? आणि किती बारकाईने: काठाचं प्रत्येक वळण धरायचं, की ढोबळ आकार पुरे?

या तिन्हींची उत्तरं नसतील तर 'या आकाराची परिमिती किती' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. लायब्ररी मात्र उत्तर देतेच, कारण या तिन्ही गोष्टी तिने तुमच्या वतीने आधीच ठरवून टाकलेल्या असतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे ते निर्णय तिच्याकडून आपल्या हातात घेणं.

२. अक्षांश आधी की रेखांश आधी?

जिओजेसनमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर. २०१६ च्या आरएफसी ७९४६ या प्रमाणात तसं स्पष्ट लिहिलं आहे. टर्फही तोच क्रम पाळतं. लीफलेट आणि गूगल मॅप्समध्ये उलट: अक्षांश आधी. पायप्रोजमध्ये तर एकाच लायब्ररीत दोन चाली आहेत. अंतर मोजणारा जिओड हा भाग रेखांश आधी मागतो. पण एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला ४३२६ हा ईपीएसजी क्रमांक (ईपीएसजी म्हणजे संदर्भप्रणालींची क्रमांकवार यादी; ४३२६ म्हणजे जीपीएसचे नेहमीचे अक्षांश-रेखांश) दिलात तर तो अक्षांश आधी धरतो. तिथे 'ऑलवेज एक्सवाय' हा पर्याय चालू करा आणि सगळीकडे रेखांश-अक्षांश हाच क्रम ठेवा.

क्रम उलटला तर काय होतं? वर दिलेलं ४.०५ हे उत्तर तिथूनच आलं. ७६.५०८ हा अक्षांश धरला गेला की आपलं लोणार उचलून थेट स्वालबार्डजवळच्या आर्क्टिक समुद्रात जातं. तिथे रेखांश इतके जवळजवळ असतात की वर्तुळ चिरडून लांबट होतं आणि परिमिती ४ किलोमीटरच्या आसपास येते. आकडा ऐकायला काहीच वावगा नाही, म्हणून तो पकडला जात नाही.

भारतातल्या कामासाठी एक साधी अट कोडमध्ये टाकून ठेवा: अक्षांश ६ ते ३८ च्या दरम्यान आणि रेखांश ६८ ते ९८ च्या दरम्यान नसेल तर थांबव. हे दोन पल्ले एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे अदलाबदल झाली की लगेच पकडली जाते. युरोपातल्या किंवा आफ्रिकेतल्या नकाशांवर ही सोय नाही. नायजेरियात ८ आणि ७ यांची अदलाबदल झाली तरी तुम्ही नायजेरियातच असता.

३. अंश म्हणजे अंतर नव्हे

अक्षांश-रेखांशात असलेला आकार शेपलीला दिला आणि 'लेंग्थ' विचारली तर उत्तर येतं ०.०५२५. शेपलीला पृथ्वी माहीतच नाही. तिच्या लेखी हा आलेखाच्या कागदावरचा आकार आहे आणि उत्तर अंशांत आहे. जिओपांडाज अशा वेळी सूचना तरी देतं की ही भौगोलिक प्रणाली आहे आणि लांबी बहुधा चुकीची आहे. शेपली गप्प बसते.

मग कुणीतरी सांगतं की एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, गुणून टाका. गुणलं की ५.८३. खऱ्यापेक्षा तीन टक्के जास्त. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण तेवढाच असतो (विषुववृत्तावर ११०.५७ किलोमीटर, ध्रुवांजवळ १११.६९), पण रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाल तसा आखडत जातो. विषुववृत्तावर तो १११.३२ किलोमीटर, लोणारच्या अक्षांशावर १०४.७ च्या आसपास. म्हणजे चूक आकाराच्या ठेवणीवरही अवलंबून: उत्तर-दक्षिण पसरलेल्या शेताला कमी, पूर्व-पश्चिम पसरलेल्याला जास्त. नंतर एखाद्या गुणकाने ती दुरुस्त करता येत नाही.

पोस्टजीआयएसमध्येही हाच सापळा आहे. ४३२६ मधल्या 'जिऑमेट्री'वर एसटी_पेरिमीटर चालवलं तर अंश मिळतात. तोच स्तंभ 'जिऑग्राफी' प्रकारात बदलून घेतला की मीटर मिळतात, तेही लंबगोलावरचे. आणि हो, बहुभुजावर एसटी_लेंग्थ चालवू नका. ते शून्य देतं. निदान तिथे चूक लपत तरी नाही.

४. सपाट, गोल की लंबगोल

इथे थोडा वेळ द्या.

*वेब मर्केटर (ईपीएसजी ३८५७).* ब्राउझरमधले बहुतेक नकाशे यात काढलेले असतात आणि एककं 'मीटर' असतात, त्यामुळे मोह होतो. पण हे मीटर खरे नव्हेत. हा प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत) अक्षांशाच्या कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात सगळं ताणतो. लोणारला ६ टक्क्यांच्या वर, दिल्लीला सुमारे १४, लेहला सुमारे २१ टक्के. ६० अंशांवर तर थेट दुप्पट. आपल्या वर्तुळाचं ६.०२ हे उत्तर इथलं. यात चित्र काढा, मोजमाप करू नका. अपवाद नाही.

*यूटीएम.* यात पृथ्वीचे उत्तर-दक्षिण पट्टे करून प्रत्येक पट्टा वेगळा सपाट करतात आणि मीटरमध्ये मोजतात. छोट्या क्षेत्रासाठी उत्तम. शेत, गाव, तालुका, अगदी जिल्हासुद्धा. प्रत्येक पट्टा सहा रेखांशांचा असतो. ४३ वा पट्टा ७२ ते ७८, ४४ वा ७८ ते ८४. भारतात डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएस वापरतं त्या पृथ्वीच्या लंबगोलावर) आधारलेले त्यांचे ईपीएसजी क्रमांक ३२६४३ आणि ३२६४४. महाराष्ट्राची पंचाईत अशी की ७८ वा रेखांश विदर्भातून जातो. अमरावती शहर ४३ मध्ये आणि यवतमाळ शहर ४४ मध्ये. 'महाराष्ट्र म्हणजे ३२६४३' असं कोडमध्ये ठोकून बसवलंत तर पुणे-नाशिकला काही बिघडत नाही, पण गडचिरोलीच्या पूर्व टोकाला हजार मीटरमागे चारेक मीटर जास्त येऊ लागतात. जिओपांडाजमध्ये 'एस्टिमेट यूटीएम सीआरएस' नावाची सोय आहे; तिला पट्टा निवडू द्या.

यूटीएममध्येही मुद्दाम ठेवलेली एक तूट असते. मध्य रेखांशावर प्रमाण ०.९९९६, म्हणजे किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. लोणार मध्य रेखांशापासून दीडेक अंश दूर आहे, तिथे ही तूट जवळजवळ भरून निघते. संपूर्ण वर्तुळात अर्धा मीटर फरक पडतो. कुंपणाच्या तारेला चालेल.

*गोल, म्हणजे हॅव्हरसाइन.* पृथ्वी पूर्ण गोल धरायची आणि दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं. सूत्र छोटं आहे:

अ = साइन²(अक्षांशफरक ÷ २) + कॉस(अक्षांश१) × कॉस(अक्षांश२) × साइन²(रेखांशफरक ÷ २)

अंतर = २ × त्रिज्या × आर्कसाइन(√अ)

कोन रेडियनमध्ये द्यायचे, अंशांत नाही. त्रिज्या कोणती घ्यायची हा खरा मुद्दा. टर्फ ६३,७१,००८.८ मीटर ही सरासरी त्रिज्या घेतं. गूगल मॅप्सच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत मूळ त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर, म्हणजे विषुववृत्ताची. फरक ०.११ टक्के, १०० किलोमीटरला ११२ मीटर. सर्व्हरवर एक आणि ब्राउझरमध्ये दुसरं वापरलंत तर दोन आकडे कधीच जुळणार नाहीत आणि तुम्ही भलतीकडेच चूक शोधत बसाल.

*लंबगोल.* पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे: विषुववृत्ताची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर, ध्रुवांकडची सुमारे ६३,५६,७५२. हा चपटेपणा धरून काढलेलं अंतर सगळ्यात विश्वासार्ह. थॅडियस व्हिन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत बरीच वर्षं चालली. पण दोन बिंदू पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असतील तर ती उत्तरापर्यंत पोचत नाही. चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत तिथेही पोचते, आणि पायप्रोजच्या जिओडमागे तीच आहे. आपल्या वर्तुळाला हॅव्हरसाइन ५.६५३ देतं आणि लंबगोल ५.६४४. फरक आठेक मीटरचा.

मग वापरायचं काय? माझं मत सरळ आहे: पायथनमध्ये असाल तर जिओड, डेटाबेसमध्ये असाल तर जिऑग्राफी. पट्टा निवडायची झंझट नाही आणि गाव असो की खंड, कोड तोच राहतो. ब्राउझरमध्ये टर्फ चालेल, पण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो हे लक्षात ठेवा. यूटीएम तेव्हा, जेव्हा परिमितीबरोबरच बफर, छेद वगैरे सपाट भूमितीची कामंही करायची आहेत.

५. कड बंद करा, भोकं मोजा, तुकडे वेगळे ठेवा

बहुभुजाची शेवटची बाजू विसरणं हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा, आणि त्याला लायब्रऱ्यांचाही हातभार आहे. जिओजेसनमध्ये कडेचा पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असावा लागतो. चौकोनाला पाच बिंदू. लीफलेटमध्ये मात्र बहुभुजाचे बिंदू मागितले तर तो शेवटचा पुनरुक्त बिंदू मिळत नाही. त्यावर साधी फेरी चालवलीत तर तीनच बाजू मोजल्या जातात. गूगलचं 'कम्प्यूट लेंग्थ'सुद्धा दिलेली वाट मोजतं, ती आपणहून बंद करत नाही. पायप्रोजमध्ये 'पॉलिगॉन एरिया पेरिमीटर' कड बंद करतं, 'लाइन लेंग्थ' करत नाही.

यावर उपाय म्हणजे फेरीच अशी लिहायची की दोन्ही प्रकारच्या यादीला चालेल:

एकूण = ०
क = ० पासून (संख्या − १) पर्यंत:
पुढचा = (क + १) ला संख्येने भागून उरलेली बाकी
एकूण = एकूण + अंतर(बिंदू[क], बिंदू[पुढचा])

यादी आधीच बंद असेल तर शेवटच्या फेरीत अंतर शून्य येतं, नुकसान काही नाही. उघडी असेल तर राहिलेली बाजू मोजली जाते.

आता भोकं. समजा तुम्हाला लोणारच्या विवराची फक्त उताराची पट्टी हवी आहे: बाहेर विवराची कड, आत पाण्याची. पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर धरा. बाहेरची कड ५.६५, आतली ३.७७. टर्फचं 'लेंग्थ' दोन्ही जोडून ९.४२ देतं. शेपली आणि पोस्टजीआयएसही दोन्ही जोडतात. पायप्रोजचं 'जिऑमेट्री एरिया पेरिमीटर' क्षेत्रफळातून भोक वजा करतं, पण परिमिती मात्र फक्त बाहेरच्या कडेची परत देतं. दोन्ही वागणुकी आपापल्या जागी रास्त आहेत. वनविभागासाठी पट्टीला दोन्हीकडून कुंपण घालायचं तर ९.४२ बरोबर, विवराला बाहेरून प्रदक्षिणा घालायची तर ५.६५. कुठली लायब्ररी काय करते हे पाठ करण्यापेक्षा बाहेरची कड आणि भोकं स्वतः वेगळी काढा, प्रत्येकीची लांबी वेगळी मोजा आणि हवं ते जोडा. वाचणाऱ्यालाही कळतं की काय जोडलं आहे.

प्रत्यक्ष नकाशांत भोकं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. दादरा चहूबाजूंनी गुजरातने वेढलेलं आहे, त्यामुळे गुजरातच्या आकाराला तिथे भोक आहे. उलट नगर हवेलीच्या पोटात मघवाळ हे गुजरातचं गाव आहे. म्हणजे तिथे गुजरातचा वेगळा तुकडा.

तुकड्यांचंही बघा. पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश चार ठिकाणी विखुरलेला आहे: पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम. असा आकार 'मल्टिपॉलिगॉन' असतो. सगळे बिंदू एका लांब यादीत ओतून मोजायला गेलात तर अरबी समुद्रावरच्या माहेपासून आंध्रातल्या यानमपर्यंत काल्पनिक रेघ जोडली जाते आणि काहीशे किलोमीटर फुकट वाढतात. प्रत्येक तुकडा वेगळा मोजायचा, मग बेरीज.

आणखी एक: जिल्ह्यांच्या परिमितींची बेरीज म्हणजे राज्याची परिमिती नव्हे. सामाईक हद्द दोनदा मोजली जाते. आधी 'डिझॉल्व्ह' करून जिल्हे एकत्र करा. त्यानंतरही आकडा फुगलेला वाटला तर क्यूजीआयएसमध्ये हद्दीवर झूम करून बघा. शेजारच्या दोन आकारांच्या कडा तंतोतंत जुळत नसतील तर मध्ये केसासारख्या फटी राहतात. क्षेत्रफळात त्या दिसत नाहीत, परिमितीत मात्र प्रत्येक फट तिच्या दोन्ही कडांसकट मोजली जाते.

६. बिंदू किती? हा प्रश्न सगळ्यात जड

इथवरच्या बऱ्याच चुका काही टक्क्यांच्या. ही चूक दुपटीपर्यंत जाते.

भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर, हे आपण शाळेत घोकलं. हा १९७० च्या दशकातला आकडा. पुन्हा मोजणी झाल्यावर तो ११,०९८.८१ किलोमीटर झाला. गुजरातचा किनारा १,२१४.७ वरून २,३४०.६२ वर गेला. समुद्र काही दुपटीने वाढला नाही. जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून होती, नवी १:२,५०,००० वरून. नकाशा जितका बारीक, तितक्या खाड्या, वळणं आणि बेटं मोजणीत येतात. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी देशांच्या सीमांबाबत हेच दाखवलं होतं: मोजपट्टी लहान करत जा, लांबी वाढत जाते.

आपल्या वर्तुळावरही हे तपासता येतं. ६४ बिंदूंनी ५.६५३, १६ बिंदूंनी ५.६१९, ८ बिंदूंनी ५.५११ किलोमीटर. वर्तुळ गुळगुळीत असल्यामुळे बिंदू वाढवले की उत्तर एका जागी स्थिरावतं. कोकणचा किनारा तसा स्थिरावत नाही.

म्हणून दोन आकारांची तुलना करणार असाल तर दोन्ही एकाच प्रमाणाच्या नकाशातून आलेले हवेत. एक गाव उपग्रहचित्रावरून बारकाईने रेखाटलेलं आणि दुसरं जुन्या ढोबळ नकाशावरून, तर 'कुणाची हद्द लांब' या प्रश्नाला अर्थ नाही.

बिंदू कमी करायला 'सिम्प्लिफाय' असतं. शेपलीत त्यामागे डग्लस-प्यूकर पद्धत आहे. तिला सहनमर्यादा (किती अंतरापर्यंतची वळणं गाळायची ते) आकाराच्या एककात द्यावी लागते. अक्षांश-रेखांशातल्या आकाराला 'दहा मीटर' या अर्थाने १० दिलंत तर तो दहा अंश समजतो आणि अख्खा तालुका तीन-चार बिंदूंवर येतो. आधी यूटीएममध्ये न्या, मग सोपा करा. वेगाने दाखवण्यासाठी सोपा केलेला आकार आणि मोजण्यासाठी ठेवलेला मूळ आकार वेगवेगळ्या नावांनी साठवा.

उलटी अडचण जीपीएसची. मोबाइल हातात घेऊन बांधाबांधाने चाललात तर बिंदू काही मीटर इकडे-तिकडे पडतात. क्षेत्रफळात ही थरथर बरीचशी आपोआप कटते: काही बिंदू आत, काही बाहेर. लांबीत मात्र प्रत्येक डुगडुग जमाच होते, वजा कधीच होत नाही. दर सेकंदाला बिंदू नोंदवणारं ॲप असेल आणि तुम्ही झाडाखाली दहा मिनिटं बोलत उभे राहिलात, तर उभ्या उभ्या परिमिती वाढते. बांध सरळ असेल तर फक्त कोपऱ्यांवर थांबून बिंदू घ्या. तसं शक्य नसेल तर थांबलेल्या वेळचे बिंदू गाळा आणि पाचेक मीटरच्या मर्यादेने सोपं करा. आणि हे मोजमाप तारेचा अंदाज काढण्यापुरतंच. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला पर्याय नाही.

दशांशस्थळांचंही भान ठेवा. पाच स्थळं म्हणजे साधारण १ मीटर, सहा म्हणजे ११ सेंटिमीटर. फाइल हलकी करायला कुणी तीन स्थळांवर आणली असेल तर प्रत्येक बिंदू ११० मीटरच्या जाळीवर जाऊन बसलेला असतो. शेताच्या कामाला अशी फाइल निरुपयोगी.

७. लांब बाजू आणि १८० वा रेखांश

भारतातल्या कामाला हे क्वचित लागेल, म्हणून थोडक्यात. अमेरिका-कॅनडा सीमा बराच पल्ला ४९ व्या अक्षांशाने जाते. साधारण २८ रेखांशांची ती रेघ फाइलमध्ये दोनच बिंदूंनी दाखवली असेल, तर जिओड त्या दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट मोजतो, आणि ती वाट उत्तरेकडे फुगून कॅनडातून जाते. लांबी सुमारे १२ किलोमीटर कमी भरते. उपाय: शेपलीचं 'सेग्मेंटाइझ' वापरून मध्ये बिंदू भरा, मग मोजा.

फिजीसारख्या देशांत आकार १८० व्या रेखांशाच्या दोन्ही बाजूंना असतो. १७९.९ आणि −१७९.९ हे शेजारी आहेत हे हॅव्हरसाइनला आणि जिओडला कळतं. सपाट वजाबाकीला ते ३५९.८ अंश दूर वाटतात. जिओजेसनच्या नियमाप्रमाणे असा आकार त्या रेखांशावर कापून दोन तुकड्यांत ठेवतात. तेव्हा परिमिती मोजताना कापाची रेघही दोन्ही तुकड्यांत मोजली जाते. ती वजा करा.

८. खात्री करून घ्या

स्वतःच्या शेताचा आकार देऊन 'बरोबर वाटतंय' म्हणणं ही चाचणी नव्हे. उत्तर आधीच माहीत असलेले आकार द्या.

विषुववृत्तावरचा एक अंश बाय एक अंश चौकोन घ्या: ० ते १ रेखांश, ० ते १ अक्षांश. सरासरी त्रिज्येच्या गोलावर परिमिती ४४४.७६ किलोमीटर, लंबगोलावर ४४३.७७. तुमच्या कोडने यातलं कुठलं उत्तर दिलं यावरून तो आतून कुठली पद्धत वापरतो हेही कळतं. ४ आलं तर अंशांत मोजताय. ३३३ च्या आसपास आलं तर शेवटची बाजू राहिली.

दुसरी चाचणी लोणारच्या पट्टीची. ९.४ की ५.६, यावरून भोकांचा निकाल लागतो. तिसरी: त्याच आकाराचे बिंदू उलट्या क्रमाने द्या. परिमिती तीच यायला हवी. (क्षेत्रफळाचं चिन्ह मात्र पायप्रोजमध्ये बदलतं, घड्याळाच्या उलट दिशेने धन, घड्याळाच्या दिशेने ऋण.) चौथी: बिंदूंची यादी मधल्याच एखाद्या बिंदूपासून सुरू करा. उत्तर बदललं तर कड बंद होत नाहीये.

क्यूजीआयएसशी पडताळणी करताना तिथेही दोन वाटा आहेत. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलरचं चिन्ह लावलेलं 'पेरिमीटर' प्रोजेक्टच्या सेटिंगमधला लंबगोल धरून मोजतं. कंसात जिऑमेट्री देऊन वापरायचं 'पेरिमीटर' सपाट मोजतं. जुळवणी पहिल्याशी करा.

९. आकडा दाखवताना

मीटर की किलोमीटर हे चलाच्या नावातच लिहा: 'परिमिती_मीटर'. टर्फ न सांगता किलोमीटर देतं, पायप्रोज मीटर. नुसतं 'परिमिती' असं नाव असेल तर हजारपटीचा घोळ आज ना उद्या होतोच.

५,६४४.३८१७ मीटर असं छापू नका. मोबाइलने घेतलेल्या बिंदूंवरून सेंटिमीटर काढता येत नाहीत. शेताला मीटरपर्यंत, जिल्ह्याला किलोमीटरपर्यंत पुरे. आकड्याशेजारी पद्धत, नकाशाचं प्रमाण आणि भोकं धरली की नाही हे एका ओळीत लिहा: 'डब्ल्यूजीएस ८४ लंबगोल, १:५०,००० नकाशा, फक्त बाहेरची कड'.

आणि कुंपणासाठी मोजत असाल तर उताराची भर घालायला विसरू नका. वरच्या सगळ्या पद्धती आडवं अंतर देतात, जमीन जणू सपाट आहे असं धरून. शंभर मीटर आडव्या अंतरात तीस मीटर चढ असेल तर तारेला १०४.४ मीटर लागतात. सह्याद्रीच्या उतारावरच्या बागेला उंचीचे आकडे घेऊन बाजूनिहाय हिशोब करा. ते जमत नसेल तर तार थोडी जास्तच मागवा. दुकानदार उरलेलं भेंडोळं परत घेतो का, हे मात्र आधी विचारा.